सदतीस हुकूम

३ मार्च, सोमवार

टाच मोडली. चाळीस वर्षं परांचीवर उभा राहिलो, पाचव्या मजल्याच्या कठड्यावर बसून डबा खाल्ला — आणि पडलो कुठून, तर स्वयंपाकघरातल्या स्टुलावरून! दिवा बदलत होतो. हिने खाली उभं राहून तीनदा सांगितलं होतं, अहो, मुकादमाला बोलवा. चौथ्यांदा सांगायची वेळ आली नाही.

डॉक्टर म्हणतात सहा आठवडे पाय टेकायचा नाही. म्हणजे सहा आठवडे ही खोली. एक खिडकी, एक पलंग, एक टेबल, समोर भिंत. भिंतीला कोपऱ्यात पोकळ आवाज येतो. काठीने वाजवून पाहिली. आतून गिलावा सुटलाय. दुसऱ्यांच्या भिंती बघत फिरलो, स्वतःची राहून गेली.

५ मार्च, बुधवार

प्लास्टर दाखवायला दवाखान्यात. बाकावर शेजारी दोघी जणी, बहुधा जावा. घर रंगवायला माणूस शोधत होत्या. फोनवर रंगाऱ्यांची इंटरनेटवरची पानं उघडून बघत होत्या. मी कान दिला. मुद्दाम देत नाही, ते आपोआप वळतात.

एकीने माझं पान उघडलं. नाव वाचलं, माझंच. दुसरी वाकली आणि म्हणाली, "अगंबाई, बंद कर, डोळे दुखले! ज्याला पान रंगवता येत नाही त्याला घर द्यायचं?"

दोघी हसल्या. मीही हसलो, ओळख द्यायला नको म्हणून.

परत येताना गाडीत खिडकीबाहेर बघत बसलो. हिला वाटलं, पाय दुखतोय.

६ मार्च, गुरुवार

पान उघडून नीट पाहिलं. खरंच आहे. लाल ठळक नाव, त्याखाली हिरवी पट्टी, त्यात पिवळी अक्षरं, फोन नंबर कलिंगडाएवढा. जत्रेतला पाळणा बरा!

पान पोरीने केलेलं. चार वर्षं आमच्या ऑफिसात बसायची, पत्रं, दरपत्रकं, हे पान — सगळं तिच्याकडे. सात महिन्यांपूर्वी ऑफिसच्या चाव्या टेबलावर ठेवून गेली. दुसऱ्या शहरात नोकरी धरली, पानं बनवण्याचीच. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. आईशी बोलते, आजीशी बोलते. मी घरातला पंखा.

रंगाऱ्याची पोर, आणि रंगाची ही समज! मनात म्हटलं, बरंच झालं गेली ते. मग दिवसभर ते वाक्य सलत राहिलं.

पान मीच दुरुस्त करणार. तिला विचारणार नाही. माणूसही लावणार नाही. शाळा सातवीत सुटली, तरी भिंतीचा हिशेब तोंडी करतो. हे काय अवघड असणार.

७ मार्च, शुक्रवार

अवघड आहे.

खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई शाळेत कॉम्प्युटर शिकवतात. चहाला बोलावलं आणि गाठलं. त्या म्हणाल्या, दुपारी अर्धा तास देईन, पण मधे बोलायचं नाही. ही दारातून म्हणाली, मग राहू द्या, जमायचं नाही त्यांना.

शिकलो ते असं. पानाच्या दोन फायली. एकीत काय सांगायचं ते — नाव, मजकूर, नंबर. दुसरीत ते दिसायचं कसं. ही दुसरी म्हणजे स्टाइलशीट. पहिली नुसती विटांची भिंत, दुसरी माझा धंदा! हे मी म्हणालो. बाई म्हणाल्या, मधे बोलायचं नाही ठरलंय.

नियम लिहायचा तो असा — आधी कोणाला, मग महिरपी कंसात काय. "मथळ्यांनो, निळे व्हा." "परिच्छेदांनो, अंतर सोडून बसा." हुकूम द्यायचा आणि सगळे एकदम वळतात. मला हा प्रकार फार आवडला.

जाताना बाई म्हणाल्या, मुलगी सोडून गेली ना, मग पासवर्ड बदला. नोकरी सोडलेल्या माणसाकडे किल्ली ठेवू नये. मी म्हटलं, बघू. बदलला नाही.

९ मार्च, रविवार

रविवारी अकराला पोरीचा फोन येतो. ही पलंगाच्या कडेला बसून बोलते, मी पेपर धरतो. पेपर उलटा असला तरी कळणार नाही इतकं लक्ष माझं फोनकडे. आवाज बारीक येतो, पण येतो.

"त्यांचा पाय कसा आहे?" असं विचारलं तिने. "त्यांचा." पोस्टमनबद्दल विचारावं तसं.

ही म्हणाली, बरा आहे, कॉम्प्युटर शिकतायत. पलीकडून, "बरं." मग, "आजीला दे."

१० मार्च, सोमवार

सरावासाठी बाईंनी कोरं पान दिलंय. आज रंग. प्रत्येक रंगाला सहा खुणांचा क्रमांक, आमच्या शेडकार्डावर असतो तसाच. पहिल्या दोन खुणा लाल, मग हिरवा, मग निळा. तिन्ही पूर्ण ओतले तर काय होईल? मी बेधडक म्हटलं, चिखल. बालदीत सगळे रंग एकत्र करा, चिखलच होतो. बाईंनी लिहून दाखवलं — पांढरं शुभ्र!

दहा मिनिटं काही बोललो नाही. बाईंनी हिला हाक मारून दाखवलं.

काचेमागे उजेड मिसळतो, रंग नाही, असं त्यांचं म्हणणं. पटलं. पण चाळीस वर्षांचं माहीत असलेलं एका दुपारी उलटं झालं की माणूस जरा चाचपतो. दुसरं काय काय उलटं असेल?

११ मार्च, मंगळवार

हुकमाच्या शेवटचा एक अर्धविराम विसरलो. त्या ओळीबरोबर खालची ओळही गेली. दुपारभर शोधत होतो. मुकादम साइटवर असं करता तर मी त्याला सोडला नसता.

१३ मार्च, गुरुवार

आज बाई इतक्या हसल्या की चहा सांडला.

चौकट बसवायची होती. मी स्टीलची पट्टी घेतली, पडद्याला लावली, मोजलं, हिशेब करून ठोक माप लिहिलं. पडद्यावर काटेकोर बसलं! उजवीकडे-डावीकडे सारखं सोडलं, कडेची रेघ सुताने धरल्यासारखी. बाईंनी तेच पान फोनवर उघडलं. अर्धी चौकट बाहेर! माझ्या नावाची पहिली दोन अक्षरं तेवढी आत.

बाईंनी विचारलं, "भिंत किती रुंद आहे?"

मी म्हटलं, "एवढी." पट्टी दाखवली.

"ही तुमची भिंत झाली. बघणाऱ्याची?"

पट्टी खाली ठेवली. भिंत प्रत्येकाची वेगळी, म्हणून माप टक्क्यांत द्यायचं. अर्धी भिंत म्हटलं की ज्याची जेवढी त्याच्या अर्धी. आधी घरी जाऊन मोजल्याशिवाय मी कधी दर दिला नाही. इथे घर न बघताच रंगवायचं, आणि तरी बसायला हवं.

चौकटीच्या आतली मोकळीक वेगळी, बाहेरची वेगळी. आतली म्हणजे मजकूर आणि कड यांच्यामधली. बाहेरची म्हणजे शेजाऱ्यापासूनचं अंतर. बाई म्हणाल्या, नवीन माणूस दोन्हीत कंजुषी करतो, सगळं भरून टाकतो. आमचं पान तसंच आहे, म्हटलं. पोरीने इंच सोडलेला नाही कुठे.

१४ मार्च, शुक्रवार

मुकादमाचा फोन सात वेळा. त्यातले पाच मी केलेले.

१६ मार्च, रविवार

फोन आला. पायाबद्दल विचारलं नाही. आजीशी वीस मिनिटं. माझ्या आईला, म्हणजे तिच्या आजीला, ऐकू कमी येतं म्हणून पोरगी ओरडून बोलते, तेवढं बरं आहे.

१७ मार्च, सोमवार

आज खरं पान हातात घेतलं. बाईंनी आधी जुन्याची एक नक्कल जपून ठेवायला लावली. स्टाइलशीट उघडली — आठशे ओळी! मधेमधे करड्या रंगातल्या ओळी होत्या. बाई म्हणाल्या, त्या लिहिणाऱ्याच्या स्वतःसाठी असतात, यंत्र वाचत नाही. मग मीही वाचल्या नाहीत. यंत्राला वेळ नाही तर मला कुठला.

अगदी वरती माझा नियम लिहिला : नाव, गडद करडं. पाहिलं. लालच. पुन्हा लिहिलं. लाल! तळाशी जाऊन लिहिलं. लाल! आवाज चढला, ही आतून आली आणि दार लावून गेली.

हुकूम देतोय आणि पान ऐकत नाही. असं आजवर फक्त एकाच माणसाने केलं होतं.

बाई वर आल्या. म्हणाल्या, एकाच गोष्टीला दोन नियम असले तर शेवटचा चालतो. रंगाचा शेवटचा हात दिसतो, तुमच्याच भाषेत. पण कोणी नियमाच्या शेवटी उद्गारचिन्ह टाकून "इम्पॉर्टंट" असं लिहिलं, तर तो सगळ्यांच्या डोक्यावर बसतो. त्यानंतर कोणीही काहीही सांगो. "तळाशी कोणीतरी फार जोर लावून ठेवलाय," त्या म्हणाल्या. "शोधा. चांगला कारागीर हा शब्द वर्षातून एकदा वापरतो."

उद्या शोधतो. पोरीने ही अडगळ करून ठेवलीये, ती उद्या बाहेर काढतो.

१८ मार्च, मंगळवार

शोधलं. सदतीस ठिकाणी.

प्रत्येकाच्या डोक्यावर एक करडी ओळ. आता वाचल्या.

"बाबांनी सांगितलं — नाव लाल."

"बाबांनी सांगितलं — आणखी लाल."

"बाबांनी सांगितलं — नंबर दुप्पट. सांगून पाहिलं."

दहाव्यानंतर तिने आखूड केलंय. "बा. सां. — पट्टी हिरवी." "बा. सां. — पट्टी निळी." "बा. सां. — परत हिरवी." "बा. सां. — मोकळी जागा भरा, फुकट जाते." "बा. सां. — का ते विचारू नये." प्रत्येकापुढे तारीख. चार वर्षांच्या तारखा.

सदतीसपैकी तिचा एकही नाही.

आज आणखी लिहवत नाही.

१९ मार्च, बुधवार

झोपून छताकडे पाहत होतो. सगळं आठवतं, हीच पंचाईत. मी तिच्या खुर्चीमागे उभा राहायचो, परांचीवर पोरांच्या मागे राहतो तसा. खांद्यावरून बोट पुढे करायचो. हे लाल. हे मोठं. ती एकदा-दोनदा सांगायची, बाबा, आधीचं बघून तर घ्या. मग सांगायची बंद झाली. मला वाटलं, शिकली.

आणि तो शेवटचा दिवस. दिवाणखान्याचं काम, गिऱ्हाईक नवरा-बायको समोर. पोरीने फिकट राखाडी सुचवला, एका भिंतीला पिकल्या लिंबाचा. गिऱ्हाईकाच्या बायकोला आवडलेलाही. मी हसत म्हटलं, "हिच्या बोलण्यावर जाऊ नका, शेवटचा शब्द माझा असतो." हसत म्हटलं होतं! गिऱ्हाईकही हसलं. संध्याकाळी चाव्या टेबलावर.

हिला आज विचारलं, तुला माहीत होतं? ही भाजी निवडत होती. म्हणाली, "घरात सगळ्यांना माहीत होतं. तुमचे कान बाहेर फार तिखट आहेत."

२० मार्च, गुरुवार

एक गोष्ट परवा नजरेतून सुटली होती. माझ्या प्रत्येक हुकमाच्या वर तिचा मूळ नियम तसाच आहे. खोडलेला नाही. चार वर्षं खाली दबून पडलाय, पण शाबूत.

जुनं घर घेतलं की आधी खरवडतो आम्ही. पातं तिरकं धरायचं, घाई करायची नाही. पाच-सहा थर जातात आणि खाली पहिल्या मालकाने लावलेला रंग निघतो. पुष्कळदा तोच सगळ्यांत चांगला असतो. मी लहानपणी दोन वर्षं फक्त खरवडण्याचंच काम केलंय, ब्रशला हात लावू देत नव्हते. हात विसरलेला नाही.

एक ओळ काढली. नाव लाल होतं, ते ओल्या पाटीसारखं करडं झालं. दुसरी काढली. हिरवी पट्टी गेली. तिसरी काढली आणि मजकुराने श्वास घेतल्यासारखी जागा सोडली. फोन नंबर आटोपशीर झाला, त्याच्याखाली एक बारीक रेघ. पिकल्या लिंबाची!

संध्याकाळपर्यंत सदतीसच्या सदतीस काढल्या. त्यात "बा. सां. — अक्षरं वीसच्या मापाची, आजीसाठी" हीही होती. बोट जरा थांबलं. मग म्हटलं, सगळ्या म्हणजे सगळ्या. स्वतःसाठी एक ठेवला की दुसरा ठेवावासा वाटतो.

मी एक नियम लिहिला नाही. नुसतं खरवडलं.

बाईंना बोलावलं. चष्मा लावून खालपासून वरपर्यंत पाहिलं त्यांनी. म्हणाल्या, "हे पान केलंय कोणी?" आणि मग, "तुम्ही बोलू नका, कळलं मला."

२१ मार्च, शुक्रवार

मुकादमाने विचारलं, जिन्याला चमक ठेवायची की साधा हात. मी म्हटलं, तू तिथे आहेस, तूच ठरव. त्याने दोनदा "हॅलो" केलं. मग हळूच, "मालक, तब्येत जास्त आहे का? येऊन जाऊ?"

त्याला ओरडून सांगावं लागलं की मी बरा आहे. तेव्हा कुठे विश्वास बसला.

२२ मार्च, शनिवार

आईने गोंधळ घातला. तिचा रोजचा नेम — सकाळी उन्हात खुर्ची टाकून फोनवर आमचं पान उघडायचं, माझं नाव मोठ्याने वाचायचं, मग खालचा सगळा मजकूर, मग नंबर. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी बारीक दिसत नाही तिला. आज फोन लांब धरला, जवळ धरला, आणि मला म्हणाली, "तू तुझं दुकान पुसून टाकलंस काय रे?"

हिने बोटांनी पान मोठं करून दिलं, तर ओळी बाजूला पळतात. आई रुसून आत गेली.

म्हणजे सदतीसातला तो एक बरोबर होता. आता? एक ओळ लिहायची, अर्ध्या मिनिटाचं काम. पण ती लिहिली की शेवटचा शब्द परत माझा! परवा पुसलं ते आजपासून पुन्हा सुरू. आणि नाही लिहिली तर म्हातारी वाचणार नाही. टेबलापाशी गेलो, कुबड्या टेकल्या, परत आलो. तीनदा. जेवण गेलं नाही. इमारतीचं टेंडर भरताना एवढा घोळ घातला नव्हता.

लिहिली नाही.

२३ मार्च, रविवार

अकरा वाजता फोन. मी पेपर.

आईने आधी फोन ओढून घेतला आणि ओरडून तक्रार केली — तुझ्या बापाने पान बारीक करून ठेवलंय, मला काही दिसत नाही, तू सांग त्याला. पलीकडे, "कुठलं पान?" मग गप्प. इतका वेळ गप्प की आईला वाटलं फोन कटला, तिने हिच्याकडे दिला.

पोरगी पान बघत होती. तिचा श्वास ऐकू येत होता मला, पेपराच्या या बाजूला.

ही फोनवर हात ठेवून माझ्याकडे वळली. म्हणाली, "विचारतेय, कोणाकडून करून घेतलं."

मी पेपर खाली केला. "सांग, तिच्याकडूनच."

हिने तसंच सांगितलं. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. मग बोटांची टकटक, एका लयीत. ऑफिसचं काम असेल. रविवारीही राबवून घेतात पोरांना. ही दोनदा "अगं" म्हणाली. "ठेवते," एवढंच आलं, आणि फोन बंद.

दुपारभर खिडकीत बसलो. सांगायला नको होतं की काय. कदाचित तिला वाटलं असेल, टोमणा मारला. माझ्या तोंडून आजवर जे निघालं त्यावरून तसंच वाटणार.

२४ मार्च, सोमवार

आई उन्हात बसून मोठ्याने नंबर वाचतेय. पूर्ण.

फाइल उघडली. तळाशी करड्या रंगात एक ओळ आहे, कालच्या तारखेची, माझी नव्हे : "बाबांनी सांगितलं होतं — अक्षरं मोठी, आजीसाठी. बरोबर होतं." खाली नियम. वीस.

शेवटी उद्गारचिन्ह नाही. तरी लागू झालाय.